होडीतलं एकच लेकरू

रविवार, ७ फेब्रुवारी २०१६, लातूर

ही वही शिवकन्या मॅडमनी ठेवायला सांगितली. रोज एक पत्ता काढायचा, त्याखाली सुचेल ते लिहायचं आणि कुणाला दाखवायचं नाही. मॅडम बँकेत नोकरी करतात आणि रविवारी दुपारी औसा रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये टॅरो शिकवतात. आम्ही सहा बायका होतो. पत्ते भविष्य सांगत नाहीत, प्रश्न विचारतात, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं. मुलीचं लग्न कधी जमेल हे विचारायला कुणी आलं असेल तर त्यांनी आत्ताच उठावं, म्हणाल्या. एक बाई खरंच उठून गेल्या. आता पाच.

मी का गेले ते इथं तरी खरं लिहावं. आई जाऊन तीन महिने झाले. आठ वर्षांपूर्वी मी नांदेडचं घर आणि नवरा सोडून लातूरला आले, लॅबमध्ये नोकरी धरली. आई तेव्हा काही बोलली नाही. बाबाही नाही. पण त्यानंतर आई खचत गेली असं मला वाटतं. तिचं आयुष्य मी कमी केलं, हे वाक्य तीन महिने डोक्यात आहे. आज पहिल्यांदा लिहिलं.

आजचा पत्ता: आठ तलवारी. डोळ्यांवर पट्टी, हात बांधलेले, भोवती तलवारी रोवलेली बाई. अजून काय लिहू?

गुरुवार, ११ फेब्रुवारी

बाबांना टॅरोच्या वर्गाचं फोनवर सांगून टाकलं. मुदखेडच्या विहारात दर पौर्णिमेला अंधश्रद्धेवर बोलणारा माणूस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की छप्पन्न साली आपल्या माणसांनी घरातलं जे जे नेऊन नदीत सोडलं, ते तू पाकिटात घालून परत आणलंस. मी म्हटलं, हे देव नाहीत, चित्रं आहेत. ते म्हणाले, तेव्हाही चित्रंच होती.

मग नळाला पाणी आलं का ते विचारलं. नाही म्हटलं. एकविसावा दिवस.

रविवार, २१ फेब्रुवारी

आज पूर्वजांचं काम सुरू झालं. घराण्यात जे बोललं गेलं नाही ते पुढच्या माणसांच्या अंगात ओझं होऊन राहतं, ते ओळखलं तर हलकं होतं, असं मॅडम म्हणतात. कागदावर घरातल्या बायकांची नावं लिहायची होती. बाकीच्या चौघींनी भराभर लिहिली. मी आई लिहिली, आईची आई विठाबाई लिहिली, बाबांची आई चांगुणा लिहिली आणि थांबले. चांगुणाआजीबद्दल मला फक्त नाव माहीत आहे. ती माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी, त्र्याहत्तरला गेली. घरात तिचा फोटो नाही. बाबा तिच्याविषयी कधी बोललेले आठवत नाहीत.

तिच्या नावानं पत्ता काढला. सहा तलवारी. एक माणूस होडी वल्हवतोय, होडीत डोक्यावरून पदर घेतलेली बाई खाली मान घालून बसलेली, तिच्या शेजारी एक लेकरू. तिघांचीही पाठ आपल्याकडे. मॅडमनी विचारलं, ही कुठून निघाली असेल? माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

शनिवार, ५ मार्च

बाबा आले. न सांगता. परभणी, परळी, लातूर रोड असं गाड्या बदलत, दोन्ही हातांत पाण्याचे दहा-दहा लिटरचे कॅन. बहात्तराव्या वर्षी. मी रागावले. ते म्हणाले, रेल्वेत अडतीस वर्षं घातली, पास फुकट घालवू का? मुदखेडला अजून बोअरला पाणी आहे म्हणे.

आल्यावर त्यांनी आधी एक कॅन शेजारच्या घरात अर्धा ओतून दिला, मग चहा मागितला. पत्ते टेबलावर होते. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक पाहू लागले. टीका करतील म्हणून मी स्वयंपाकघरातच थांबले. बाहेर आले तेव्हा सहा तलवारी त्यांच्या हातात होत्या.

मी म्हटलं, हा चांगुणाआजीचा निघाला होता.

त्यांनी पत्ता उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "ह्याच्यात एकच लेकरू हाय."

"म्हणजे?"

"काही न्हाई. चित्रवाल्यानं एकच काढलं."

ते एकुलते एक. त्यांना आपलं एकटं बालपण आठवलं असावं. जेवताना भाजी दोनदा घेतली. भाजीत मीठ जास्त झालं होतं ते मला नंतर कळलं.

बुधवार, ९ मार्च

लॅबमध्ये आज उदगीरचीच चर्चा. आमचा बसवंत तिकडचा. उदगीर वेगळा जिल्हा होणार हे तो मी नोकरीला लागल्यापासून सांगतो, पण यंदा त्याचा आवाज वेगळा आहे. डॉक्टरांनाही तसंच वाटतंय. जिल्हा होवो न होवो, आपण तिथं शाखा काढू, म्हणाले. आणि मला विचारलं, तुम्ही सांभाळाल का? दोन महिन्यांत सांगा.

नव्या गावात पुन्हा एकटीनं घर लावायचं. आई असती तर काय म्हणाली असती? पत्ता काढला. उलटा आला, म्हणजे अडथळा. परत काढला, तोही उलटा. मॅडम म्हणतात एकदाच काढायचा.

रविवार, १३ मार्च

मी चांगुणाआजीची गोष्ट जुळवली आहे. तिला कुणीतरी हाकललं, ती रडत एकटं लेकरू घेऊन निघाली, तिचं रडणं बाबांत आलं, बाबांकडून माझ्यात. म्हणून मीही घर सोडलं, म्हणून आई गेली. सगळं एकाच धाग्यात बसतं. वर्गात वाचून दाखवलं तेव्हा दोघी रडल्या.

शिवकन्या मॅडम रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "ताई, ह्यातलं तुम्हाला कुणी सांगितलंय आणि कुठलं तुम्ही लिहिलंय?"

मला वाईट वाटलं. शिकवणाऱ्यानंच असं विचारायचं?

रविवार, २० मार्च

टाक्यांपाशी पाच माणसांच्या वर थांबायला बंदी आली. आमच्या गल्लीत रांगेत भांडी उभी, माणसं घरात.

बाबांचा फोन. अर्धा तास विहिरी, टँकर, तब्येत. ठेवता ठेवता म्हणाले, तो तुझा खेळ चालूच आहे का? आहे म्हटलं. मग माझाही एक काढ. मला हसू आलं, पण हसले नाही. प्रश्न विचारा म्हटलं. ते म्हणाले, "ज्याच्याकडं जायाचं लई वर्षं राहून गेलं, त्याच्याकडं आता गेलं तर चालतं का?"

आईच्या माहेरी ते आई गेल्यावर गेले नाहीत, त्याचंच मनात असणार. मी पत्ता काढला. सहा प्याले. मोठा मुलगा छोट्या मुलीला फुलांनी भरलेला प्याला देतोय. जाऊन या म्हटलं, मामा वाटच बघत असेल. पलीकडून "हूं" एवढंच आलं.

रविवार, ३ एप्रिल

तिसरा रविवार, बाबांचा तोच प्रश्न. शब्द थोडे बदलून. मामाकडे मात्र गेलेले नाहीत. आज प्याले नाहीत, डोळ्यांवर पट्टी बांधलेली, दोन्ही हातांत तलवारी धरून बसलेली बाई आली. मी वर्णन केलं. ते म्हणाले, पट्टी काढाय लाव तिला.

मला वाटतं पत्त्यांनी ते मोकळे होत आहेत. आई असताना फोन नेहमी तीच घ्यायची. त्यांच्याशी इतकं बोलणं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मंगळवार, १२ एप्रिल

मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. बसवंत स्टेशनवर जाऊन आला. लोक वाघिणींना हार घालत होते, म्हणाला. बाबांना कळवलं तर त्यांनी किती वाघिणी, इंजिन कुठलं, असं सगळं विचारलं. जयंतीला ये, म्हणाले. त्यांनी बोलावून घेतलं असं आठ वर्षांत पहिल्यांदा झालं.

शुक्रवार, १५ एप्रिल, मुदखेड

काल मिरवणूक झाली. बाबा पांढऱ्या कपड्यांत पुढे होते. आज सकाळी अंगणात लिंबाखाली खुर्च्या टाकून त्यांनी मला बसवलं आणि न विचारता सांगितलं. जसं ऐकलं तसं लिहिते.

चांगुणाआजीचं पहिलं लग्न वाढोण्याकडच्या सावरखेडीत झालं होतं. वाढोणा म्हणजे आताचं हिमायतनगर. नवऱ्याचं नाव श्रीमंत. त्यानं दुसरी बाई आणून घरात बसवली. निजामाच्या शेवटच्या दिवसांत, एका सकाळी आजी बाबांना कडेवर घेऊन निघाली. बाबा तीन वर्षांचे. ती चालत स्टेशनला आली, मुदखेडला उतरली, आणि दोन वर्षांनी रेल्वेतल्या गँगमन व्यंकटबरोबर तिनं पाट लावला. ज्यांना मी आजोबा समजते ते हे. त्यांनी बाबांना स्वतःचं नाव दिलं, शाळेत घातलं.

मी म्हटलं, एवढ्यासाठी लपवून ठेवलं? ह्यात लाजण्यासारखं काय आहे?

बाबा म्हणाले, "दोघं होतो आम्ही. पारू आठ वर्सांची होती. मायनं मला उचललं अन् तिला ठिवलं. हे मी कुनाला सांगू?"

बारा वर्षांचे असताना एका नातेवाइकाकडून त्यांना कळलं. आईला विचारायची हिंमत झाली नाही. नोकरी लागल्यावर एकदा ते हिमायतनगरला उतरले, फलाटावर चहा प्यायले आणि आलेल्या गाडीनं परत फिरले. आईला, म्हणजे माझ्या आईला, हे सगळं माहीत होतं.

पारू जिवंत आहे. पार्वतीबाई. त्याच गावात दिली होती, तिथंच आहे. विहारात येणाऱ्या एकानं मागच्या वर्षी सांगितलं.

बाबांच्या प्रश्नाला मी महिनाभर मामा, मामा म्हणत राहिले.

रविवार, २४ एप्रिल

आज पूर्वजांना पत्र लिहून ते जाळायचा विधी होता. राख झाडाच्या बुडाशी घालायची. चौघींची लिहून झाली. मी पार्वतीबाईंना लिहिलं, बाबांच्या वतीनं माफी मागितली. चांगलं उतरलं होतं. मॅडमना बाजूला नेऊन सगळं सांगितलं.

त्यांनी पत्र माझ्या हातात परत दिलं. "माणूस जिवंत आहे ना? मग हे कशाला जाळताय? जा ना तुम्ही."

मी विचारलं, तिथं काय म्हणायचं, कसं बसायचं, काही पद्धत आहे का? त्या म्हणाल्या की पद्धत मला माहीत नाही, माझे वडील काका लोकांशी वीस वर्षं बोलत नव्हते आणि तसेच गेले. हे त्यांनी वर्गात कधी सांगितलं नव्हतं.

रविवार, १ मे, मुदखेड

सकाळच्या पॅसेंजरनं हिमायतनगर, तिथून जीपनं सावरखेडी. नदीतला गाळसुद्धा फाटलेला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. जीपमध्ये त्यांनी मला दोनदा विचारलं की ती ओळख द्यायला नाही म्हणाली तर गाडी किती वाजता आहे.

विहाराच्या मागे पत्र्याचं घर, दारात दोन शेळ्या. एक बारीकशी म्हातारी उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत होती. बाबा फाटकाशी थांबले. त्यांच्याच्यानं पुढं जाववेना आणि बोलवेना. मग मीच जाऊन सांगितलं, मी पंचशीला, मुदखेडच्या पंढरीची मुलगी, ते बाहेर उभे आहेत.

तिनं हाताचा आडोसा करून पाहिलं. "उन्हात कामून उभा हाय? बोलव की."

नातसुनेनं बाज टाकली, पाणी दिलं. कळशीभर पाण्यासाठी तिथं दोन मैल जावं लागतं हे मला नंतर कळलं. आम्ही तांब्या रिकामा केला होता. बाबा खाली बघत बसले. मग त्यांनी पाठ केल्यासारखं बोलायला सुरुवात केली. मी लहान होतो, मला कळत नव्हतं, तुला ठेवून मला नेलं, ह्याचं मला आयुष्यभर...

तिनं मध्येच थांबवलं. "मला कुनी ठिवलं?"

बाबांनी वर पाहिलं.

"मायनं मलाच आधी उठिवलं. चल म्हनली. मी म्हनलं, न्हाई येत. आदल्या दिशी म्हैस व्यालती, वगार झालती. कपाळावर पांढरा टिळा. तिला सोडून कुठं जाऊ? मायनं लई वढलं मला. मी खुटा धरून बसले. मंग ती म्हनली, तू मागून ये. अन् तुला घिऊन गेली."

शेळी ओरडत होती. मग म्हातारी म्हणाली की चार दिवसांनी ती फार रडली. बापानं मारलं नाही, दुसरी माय वाईट नव्हती, पण रडली. वगार पावसाळ्यात मेली.

"पर माय यायची," ती म्हणाली.

वाढोण्याच्या बाजाराला. वर्षातून चार-पाच खेपा. पारूला पाटावर बसवल्यासारखं बसवून तिथं बाजारात तिचे केस विंचरायची, बांगड्या भरायची, जिलेबी खायला घालायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. पारूचं लग्न झालं, लेकरं झाली, तरी येत राहिली. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आली नाही तेव्हा पारू काय ते समजली.

बाबांचा चेहरा मी पाहत होते. समाधान वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही दिसलं नाही. लहान मुलाला घरी ठेवून सगळे जत्रेला गेल्यावर त्याचं होतं तसं झालं होतं.

"मला तर मिरच्या आणाय चालले म्हनायची," ते म्हणाले. "मला कधीच कसं आनलं न्हाई?"

"मीच म्हनले होते, त्याला आनू नको." तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "तुझ्यापाशी ती रोजच होती की. बाजारात ती माझी एकलीची माय."

बाबा रडले. मी त्यांना आईच्या वेळी रडताना पाहिलं नव्हतं. पार्वतीबाई उठल्या नाहीत, जवळ घेतलं नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता काय लाजून राहिला. जेव अन् जा."

ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. दोघं एकाच ताटलीत ठेचा घेत होते. मी लिहिलेलं पत्र पिशवीतच राहिलं. तिला वाचता येत नाही आणि त्यात मागितलेली माफी तिला नको होती.

सोमवार, २ मे, मुदखेड

परतीच्या गाडीतलं काल लिहायचं राहिलं. मुद्दाम राहू दिलं.

खिडकीपाशी बाबा बसले होते. मी विचारलं, मी नांदेड सोडलं म्हणून आई खचली का? एवढे दिवस पत्त्यांना विचारलं, त्यांना विचारलं नव्हतं.

ते माझ्याकडे असे पाहायला लागले की जणू मी वेगळ्या भाषेत बोलले. आईला बीपी तुझ्या लग्नाच्या आधीपासून होतं, म्हणाले, तिचे सगळे रिपोर्ट तूच तर फायलीला लावलेत. खरं आहे. पहिला कागद अठ्ठ्याण्णवचा आहे. त्यावर तारीख मीच लिहिली आहे.

मग बाबा म्हणाले, "तू नांदेड सोडून आलीस त्या दिशी तुझी माय म्हनली, पोरगी सासूबाईवर गेली. खुशीत म्हनली. मी म्हनलं, तिला सांग. ती म्हनली, तुमी सांगा, तुमची माय हाय."

आठ वर्षं दोघं एकमेकांवर ढकलत राहिले. मी उठून मुदखेड येईपर्यंत दारात उभी राहिले. राग होता की काय होतं, मला नाव देता येत नाही.

रविवार, ८ मे, लातूर

वर्गात तिकडचं सगळं सांगितलं. चांगुणाआजीची मी केलेली गोष्ट किती चुकली तेही. मॅडमनी विचारलं, आता तिच्या नावानं पत्ता काढायचा का? नको म्हटलं. ती बाजारात लेकीला जिलेबी भरवतेय, तिला राहू दे.

घरी येऊन उदगीरसाठी मात्र काढला. परत उलटा. मी तो गड्डीत परत ठेवला आणि डॉक्टरांना फोन करून हो सांगितलं. जिल्हा होतो की नाही ते बसवंत बघेल. जूनपासून जायचं.

बाबांना कळवलं. त्यांनी तिथल्या पाण्याची चौकशी केली.

रविवार, २२ मे

काल बुद्धपौर्णिमा. बाबा मुदखेडच्या विहारात बोलले नाहीत, सावरखेडीच्या विहारात जाऊन बसले. आज फोनवर उत्साहात होते. अक्का म्हणते म्हशीचा रंग भुरा होता, एक म्हातारा म्हणतो काळी होती, ह्यावर तासभर वाद झाला. तेव्हा तीनच वर्षांचे असूनही बाबांचंही त्यावर मत आहे. अक्का हा शब्द ते आता जपून, जरा मोठ्यानं उच्चारतात.

येत्या बाजाराला पुन्हा वाढोण्याला चाललेत. तिला बांगड्या भरायच्या आहेत. मी म्हटलं, मलाही सुट्टी आहे, मी येते.

ते म्हणाले, "तू नगं. आमी दोघंच जातो."

फोन ठेवल्यावर आधी मनाला लागलं, पण पार्वतीबाईंचं 'त्याला आनू नको' आठवलं. मग घागर घेऊन खाली गेले, कारण टँकर आला होता.